डावीकडचा श्वास

पाण्यात कान बुडले की खांदेश्वर बंद होतं. रिक्षांचे हॉर्न, समोरच्या नव्या टॉवरमधलं टाइल्स कापायचं मशीन, आमच्या सोसायटीचा वॉचमन आणि दूधवाला यांची रोजची वादावादी, सगळं बंद. हात पाण्यात शिरल्याचा आवाज येतो, नाकातून बुडबुडे सुटतात, तोंड वळवलं की हवा आत ओढल्याचा एक सुस्कारा ऐकू येतो, आणि परत खाली निळं, हलतं, शांत. तळाच्या फरशीवर उन्हाची जाळी थरथरत असते. तिच्यावरून तरंगत जाताना आज कोणता वार आहे हेही मला पुष्कळदा आठवत नाही.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची. महापेला एका पॅकेजिंग कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. आठवड्यातले पाच दिवस, कंपनीची बस यायच्या आधी, घराजवळच्या स्विमिंग टँकवर तासभर पोहते. तिसऱ्या लेनमध्ये. पहिल्या लेनमध्ये शिकाऊ असतात, पाचवीत पदकं आणणारी मुलं, आणि मधल्या तिसरीत आमच्यासारखे, ज्यांना वेग नाही पण दम आहे. आमचे कोच कदम सर मला म्हैस म्हणतात. उतरायला वेळ लावते, पण एकदा उतरली की कोणाच्या बापाला ऐकत नाही.

गेल्या वर्षी मी समुद्रातल्या एका पाच किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत होते. ती शर्यत काही मी पोहले नाही. त्याऐवजी काय झालं ते सांगते. ज्यांच्या घरात हा आजार आत्ता आलाय आणि ज्यांनी तो उशीखाली लपवून ठेवलाय, त्यांच्यासाठी.

पाच हातांवर एक श्वास

आम्ही फ्रीस्टाइल पोहताना तीन हात मारून एक श्वास घेतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सवय झाली की हे मोजावं लागत नाही.

गणपती उठले त्याच आठवड्यात माझा डावीकडचा श्वास बिघडला. तोंड डावीकडे वळवलं की डाव्या बरगडीत कळ यायची. लचक असेल म्हणून मी मुकाट्याने उजवीकडेच श्वास घ्यायला लागले. कदम सर शिट्टी गळ्यात अडकवून काठाने चालत असतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"मॅडम, डावी बाजू माहेरी ठेवून आलात काय?"

"दुखतंय हो सर थोडं."

"वापरत नाही म्हणून दुखतंय. वापरा."

वापरली. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते मी दमणुकीच्या खात्यावर टाकलं. धाप लागायला लागली तशी सरांनी पाच हातांवर एक श्वास असा सराव दिला. छाती हवा मागत असते आणि आपण तिला थांब म्हणायचं, मेंदूला सवय लावायची. लांब अंतर पोहणारे सगळेच हे करतात आणि त्याचा आम्हाला मोठा अभिमान असतो. साधा माणूस जिना चढून धापा टाकायला लागला तर डॉक्टरकडे जातो. आम्ही अजून एक फेरी मारतो. माझी चूक झाली ती इथे. मी महिनाभर माझ्या आजाराला शिस्त लावत होते.

आणि गंमत म्हणजे, एके दिवशी दुखणं थांबलं. डावीकडे वळले, कळ नाही. परत वळले, नाही. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी अख्ख्या लेनसाठी घरून इडल्या करून नेल्या. दुखणं का थांबलं ते मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. फुप्फुसाचं आवरण आणि छातीची भिंत आधी एकमेकांना घासत होती, ती आता घासेनाशी झाली होती, कारण दोघांच्या मध्ये पाणी साचलं होतं. त्या पाण्याचा सत्कार म्हणून मी इडल्या वाटल्या.

वजन चार किलो उतरलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. फक्त सर म्हणत राहिले, "डावा खांदा बुडतोय तुमचा. हात चुकतोय." मी हात सुधारत राहिले.

गावचं तळं

माझं माहेर उरणच्या बाजूचं. आमचं गाव आता द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डांमध्ये अडकल्यासारखं वाटतं, पण देवळामागचं तळं अजून आहे. आबा, माझे वडील, शहात्तर वर्षांचे, तिथेच भावाकडे राहतात. जन्मभर मिठागरात राबले, खाडीत होडी घातली. मला पोहायला त्यांनीच शिकवलं, याच तळ्यात.

नवरात्रात मी आणि विजय गावी गेलो होतो. विजय माझा नवरा, मूळचा साताऱ्याकडचा. गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्याला देव आठवतात. तो पायरीवर चपला सांभाळत बसला, आबा त्याच्या शेजारी. मी पाण्यात उताणी पडून होते. वर पिंपळ, त्याच्या फांद्यांमधून ऊन, कानात पाणी. देवळातली घंटा कुठूनतरी फार लांबून येत होती. मला वाटलं, असंच पडून राहावं, कोणी हाक मारू नये. तेवढ्यात आबांनी हाक मारली.

"बाय, तू वाकरी तरंगतंस."

"सरसुद्धा तेच म्हणतात आबा. हात चुकतोय माझा."

"हाताचं काय नाय. होरी एका अंगाला कलली तं आमी वल्हं नाय बघत. आत पानी भरलंय काय ते बघताव."

मी हसले. परतताना गाडीतही हसत होते. विजय हसला नाही. जासई गावाजवळ आल्यावर म्हणाला, "उद्या तू एक्स-रे काढायचा. ट्रेनिंग गेलं खड्ड्यात."

अर्धी पांढरी छाती

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी स्क्रीनवर माझी छाती उघडली. उजवी बाजू काळी, म्हणजे हवेने भरलेली, छान. डावी बाजू खालून अर्ध्यापर्यंत पांढरी, वरची कड बाहेरच्या बाजूला चढत गेलेली.

"धाप लागत नव्हती तुम्हाला?"

"लागायची. पण ती लागायलाच हवी ना. मी ट्रेनिंग करते."

"कसलं?"

"पोहते. रोज दोन किलोमीटर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे घेऊन?"

त्या दिवशीच दाखल झाले. दुपारी मला एका स्टुलावर बसवून पुढ्यातल्या टेबलावर उशी दिली आणि तिच्यावर ओणवं व्हायला सांगितलं. पाठीत सुई गेली. मी भीतीने आपोआप श्वास रोखून धरला. त्या कामात मी पटाईत.

"रोखू नका," डॉक्टर बाई मागून म्हणाल्या. "सोडा. सावकाश घ्या, सावकाश सोडा. इथे कोणी शर्यत लावलेली नाही."

बाटली माझ्या पायाशी होती. तिच्यात करडईच्या तेलासारखं पिवळं, नितळ पाणी थेंबाथेंबाने जमत होतं. लिटरभराच्या वर निघालं. मला ते बघून किळस आली नाही, भीतीही वाटली नाही. मनात एवढंच आलं की मी पाण्यात होते तेव्हा पाणी माझ्यात होतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मग दबलेलं फुप्फुस उघडायला लागलं आणि मला असा खोकला आला की डोळ्यांतून धारा लागल्या. विजय दाराबाहेर उभा होता. त्याला वाटलं मी रडतेय, म्हणून तोच रडला.

रिपोर्ट यायला चार दिवस लागले. टीबी. डॉक्टर बाईंनी नीट समजावलं. माझा टीबी फुप्फुसाच्या आवरणाचा. थुंकीच्या तपासणीत काही नाही, त्यामुळे माझ्यापासून कोणाला धोका नाही. सहा महिने गोळ्या, एकही दिवस न चुकता. विजयचीही तपासणी करून घ्या. पुण्यात शिकणाऱ्या मुलालाही एक एक्स-रे काढायला सांगा. दोघांचेही साफ आले.

मी मान डोलवत होते आणि मला एवढंच दिसत होतं, तिसरी लेन. तिच्यातली माणसं. एकाच पाण्यात आम्ही तोंड उघडतो, चूळ सोडतो, एकमेकांच्या पायाने उडालेलं पाणी गिळतो. टीबी हा शब्द ऐकल्यावर त्या पाण्यात मला परत कोण उतरू देणार? मरणाची भीती मला त्या दिवशी वाटली नाही. ती लेन जाईल याची वाटली, आणि पुढचे आठ महिने तीच वाटत राहिली.

वॉर्डातले दिवस

हॉस्पिटलात वेळेला तळ नसतो. सकाळी सहाला चहा, मग थर्मामीटर, मग फिनेलचा वास, मग डॉक्टरांची फेरी, आणि पुढे एक मोठी पांढरी दुपार. ताप चढला की खिडकीबाहेरचा फ्लायओव्हर हळूहळू वितळायचा आणि त्याच्या जागी मिठागरं यायची, माझ्या लहानपणची. चौकोनामागे चौकोन, प्रत्येकात वीतभर पाणी, प्रत्येकात वेगळं आभाळ. मी त्या वीतभर पाण्यात पोहायचे. पोट तळाला लागत नसे, बांध आला की मासळीसारखी पलीकडे जात असे. आबा लांब बांधावरून चालत असायचे, खांद्यावर मीठ ओढायचं फावडं. मी हाक मारायचे, पण ते वळायचे नाहीत. मग वॉर्डातल्या मावशी "ताई, जेवण आलंय" म्हणायच्या आणि समोर स्टीलच्या ताटात दुधीची भाजी असायची.

तिथे मी एक गोष्ट शिकले. ताप उतरताना जो घाम फुटतो, त्यानंतरचा अर्धा तास फार सुंदर असतो. अंग हलकं, चादर गार, डोकं रिकामं. त्या अर्ध्या तासात मी कोणाशी भांडले नाही. बाकी वेळेचं काही सांगता येत नाही.

खांदा

घरी आले त्या दिवशी विजयने माझा फोन हातात घेतला. टँकच्या ग्रुपवर "रेखाताई कुठे गायब?" असे पाच-सहा मेसेज होते.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

"तूच सांग."

"खांदा लिहितो. पोहणाऱ्यांचे खांदे जातातच." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "रेखा, उगाच सोसायटीत, कंपनीत... लोक कसे आहेत तुला माहीत आहे. गोळ्या संपल्या की विषय संपला."

मी हो म्हटलं. दोष एकट्या त्याचा नाही.

खांद्याने उच्छाद मांडला. ग्रुपवर व्यायामाचे व्हिडिओ आले, मलमांची नावं आली. मुग्धा तर घरीच आली. मुग्धा आमच्या लेनमधली सगळ्यात लहान, एकोणतीस वर्षांची, माझ्यासारखीच महापेला नोकरी करणारी, जीव लावणारी पोरगी. तिने येताना व्यायामाचं रबर आणलं, ते खिडकीच्या गजाला बांधलं आणि मला उभं करून वीस वेळा ओढायला लावलं. "दुखतंय ताई?" म्हणाली. मी "आई गं" म्हटलं. टेबलावर गोळ्यांचं पाकीट होतं, त्याच्यावर मी वर्तमानपत्र टाकलं होतं. ती गेल्यावर मी त्या धडधाकट खांद्याकडे आरशात बघितलं आणि मला माझीच लाज वाटली.

गोळ्यांचे महिने

ज्यांना हे पुढे करायचंय त्यांना दोन-तीन गोष्टी सांगते. लघवी केशरी होईल, घाबरू नका. मळमळेल, तोंडाला चव नसेल, आणि पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांचा राग येईल. औषधाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा जास्तच येईल. तिसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागेल आणि गोळ्या सोडाव्याशा वाटतील. तेव्हा सोडू नका.

विजय रोज सकाळी गोळ्या तळहातावर ठेवून समोर बसायचा आणि मी गिळेपर्यंत उठायचा नाही. आरोग्य केंद्रातल्या ताई फोन करून विचारायच्या, "घेतल्या का हो?" त्यांचा आवाज इतका गोड होता की कधीकधी मी त्या फोनची वाट बघायचे. आबा महिनाभर राहायला आले. येताना खाडीच्या चिखलातली मासळी, निवट्या घेऊन आले, अर्ध्या जिवंत. त्या सिंकमध्ये उड्या मारताना बघून विजयने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पण ते कालवण मला पचलं. दोन महिन्यांनी पहिल्यांदा मी ताट पुसून जेवले.

फुप्फुस उघडावं म्हणून मला तीन बॉलचं एक यंत्र दिलं होतं. नळीतून हवा ओढायची की बॉल वर जातात. माझा एकच जायचा, तोही नाखुशीने. आबांनी एके दुपारी ते उचललं, "मना दे बगू" म्हणाले आणि एका दमात तिन्ही बॉल वर लावले. मग पाच मिनिटं खोकत बसले. आम्ही दोघं इतकं हसलो की माझी बरगडी दुखली.

भांडण झालं ते शर्यतीच्या दिवशी. मी सकाळपासून बाल्कनीत बसून होते आणि मनात कोणत्या मिनिटाला मी कुठे असते याचा हिशेब करत होते. विजयला ते दिसलं.

"पाणी, पाणी, पाणी! त्या पाण्यापायी मेली असतीस."

"पाण्याने काही नाही केलं मला."

"तुला काय माहीत?" त्याचा आवाज चिरकला. "तू रोज पोहायला जातेस ना, मी रोज तू परत येईपर्यंत त्या घड्याळाखाली बसतो. सहा वर्षं. चहासुद्धा पीत नाही."

मला हे माहीत नव्हतं. सहा वर्षं मी ओल्या केसांनी घरात शिरायचे आणि तो "आलीस? चहा टाकतो" म्हणायचा, आणि मला वाटायचं याला आपल्या येण्याजाण्याचं काही नाही. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. शर्यत कधी संपली ते कळलं नाही.

दोन कागद

सहा महिने झाले. डॉक्टर बाईंनी एक्स-रे बघितला. फुप्फुस उघडलं होतं. खाली डावीकडे आवरणाची एक कड जाड झाली होती, ती तशीच राहणार. "पोहा," त्या म्हणाल्या. "पण श्वास लागला की थांबायचं. तुम्हाला थांबायची सवय करायची आहे." आणि टँकसाठी लागणारं सर्टिफिकेट लिहून दिलं. आवरणाच्या टीबीचे उपचार पूर्ण झाले आहेत, संसर्गाचा धोका नाही, पोहायला हरकत नाही. स्वच्छ अक्षरात, खाली सही.

घरी येईपर्यंत मी तो कागद दहा वेळा वाचला. प्रत्येक वेळी माझी नजर एकाच शब्दावर अडकायची. शेवटी मी सोसायटीखालच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि "फिट टू स्विम" असं दोन ओळींत लिहून दिलं. टँकच्या ऑफिसात मी तो दुसरा कागद दिला. पहिला पर्समध्ये घडी घालून राहिला.

आणि मी पाण्यात उतरले. त्याबद्दल काय लिहू. पाणी गार होतं, मग नव्हतं. कान बुडले, खांदेश्वर बंद झालं. उन्हाची जाळी जिथे होती तिथेच होती. मी एक लांबी पोहले आणि कठडा धरून रडले. गॉगलमध्ये रडलेलं कोणाला कळत नाही. डावीकडे श्वास घेताना ती जाड कड ओढली जायची, दुखायची, तरी हवा यायची. "म्हैस आली," सर म्हणाले. "खांदा कसा आहे?"

"बरा आहे सर."

तंत्राची चूक

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मुग्धा माझ्या पुढे पोहत होती. कठड्याला पोचली की खोकायची. सर काठावर उकिडवे बसून तिला म्हणाले, "श्वासाची घाई करतेस. आजपासून पाच हातांवर एक."

ती माझ्याकडे वळून हसली. गाल आत गेले होते. "ताई, साडेतीन किलो कमी झाले माझे. काही डाएट नाही, काही नाही."

मी तिच्याजवळ सरकले. "मुग्धा, संध्याकाळी अंग कोमट लागतं का तुझं?"

"तुला कसं कळलं?"

"किती दिवस?"

"महिना झाला असेल. दमते गं, ऑफिस, टँक..."

"तू पाच हातांवर करू नकोस. आज बाहेर ये. डॉक्टरकडे जा."

सर उठले. "मॅडम, पोरीला घाबरवू नका. तंत्राची चूक आहे. तुमचंही अगदी हेच होत होतं, आठवतंय ना?"

आठवत होतं. दुसऱ्या लेनमधले गोखले काका थांबून ऐकत होते. ते सत्तरीचे, रोज नातीला पोहायला घेऊन येणारे. चौथ्या लेनमधल्या दोघी कठड्याला येऊन टेकल्या होत्या. मुग्धा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि सरांचंच ऐकणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं. का ऐकू नये? माझा तर खांदा गेला होता.

"सर, तंत्राची चूक नव्हती," मी म्हटलं. "माझ्या छातीत पाणी झालं होतं. मला टीबी झाला होता. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं."

फिल्टरची मोटर चालू होती, ती ऐकू येत होती.

"आधी नाही सांगायचं?" गोखले काका शेवटी म्हणाले. "माझी नात येते इथे."

"माझा पसरणारा नव्हता काका. कागद आहे माझ्याकडे."

"हो, असेल ना," ते म्हणाले. मग वर चढले आणि बाकावर माझ्या टॉवेलशेजारी असलेला त्यांचा टॉवेल उचलून दुसरीकडे नेला. मला राग नाही आला. मीही नेला असता.

मुग्धाने कॅप काढली आणि कपडे बदलायला निघून गेली. सर बराच वेळ शिट्टीच्या दोरीशी चाळा करत उभे होते. "मी तुम्हाला पाच हातांवर पोहायला लावलं," एवढंच म्हणाले. मग, "तो कागद मला द्या. खरा." मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तो वाचला, ऑफिसात नेऊन ठेवला आणि तिथला दोन ओळींचा कागद माझ्या हातात परत आणून दिला. "उद्या वेळेवर या."

तिसरी लेन

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले. दुसऱ्या लेनमध्ये सात माणसं होती, चौथीत आठ. एकमेकांच्या टाचांवर आपटत होती, "सॉरी, सॉरी" म्हणत होती. तिसरी पूर्ण रिकामी.

प्रत्येक पोहणाऱ्याचं एक स्वप्न असतं, आख्खी लेन आपल्या एकट्याची. माझं ते पूर्ण झालं. पाणी इतकं स्थिर होतं की उतरताना मला त्याला उठवल्यासारखं वाटलं. मी पोहले. पोहताना छान वाटत होतं आणि कठड्याला टेकले की वाईट. असं पंधरा-वीस दिवस चाललं. सर काठाने माझ्याबरोबर चालायचे, दुसऱ्या कोणाला इकडे ढकलायचे नाहीत, पण मला बाहेरही निघू द्यायचे नाहीत. "अजून एक लांबी. सावकाश." घरी विजय म्हणाला, "सांगितलं होतं ना लोक कसे आहेत." आणि चहा टाकता टाकता म्हणाला, "पण बरं केलंस."

मुग्धाचा फोन लागत नव्हता. माझ्यामुळेच तर नाही ना, या विचाराने मी डॉक्टर बाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, तुमच्याकडून होणं शक्य नाही. डोक्याला पटलं, पोटाला पटायला वेळ लागला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी लांबी संपवून मान वर काढली, तर कठड्यावर मुग्धा बसली होती. सलवार-कुर्ता, तोंडाला मास्क, हातात चपला.

"छातीत गाठी निघाल्या," ती म्हणाली. "टीबीच्या. सुई घालून तपासलं. कालपासून गोळ्या चालू."

"पसरणारा?"

"नाही म्हणाले. मास्क काकांसाठी लावलाय."

गोखले काका पलीकडे गॉगल पुसत होते, बराच वेळ. मी कठड्याला हात टेकून तिच्या पायाशी उभी राहिले. तिला काय काय सांगायचं होतं, केशरी रंगाचं, मळमळीचं, तिसऱ्या महिन्याचं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मला हे लोक परत येऊ देतील ना पाण्यात?"

दुसऱ्या लेनमध्ये कोणीतरी कोणाच्या तरी डोक्यावर आपटलं आणि सॉरी म्हणालं.

"येशील तू," मी म्हटलं. "बघतेस ना, आख्खी लेन मोकळी आहे आपल्यासाठी."

ती मास्कच्या आत हसली. मग तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.